क्षमा करणे आणि परत जाणे



२००३ सालच्या डिसेंबरातील एक सायंकाळ मला आपणांपुढे ठेवायची आहे. दिल्लीची थंडी, दिवस लवकर मावळलेला, आणि आमच्या घरी उपासनेनंतर चहासाठी थांबलेली चार माणसे. त्यांत एक भगिनी होती. तिचे माहेर अहमदनगर जिल्ह्यातले, ज्याला आज अहिल्यानगर म्हणतात. पती केंद्र सरकारच्या नोकरीत, आमच्या लहानशा मराठी मंडळीतील मानाचा मनुष्य, प्रार्थना सुंदर करणारा. इतर मंडळी निघाल्यावर ती दाराशी थांबली आणि मला म्हणाली, "भाऊ, तुम्हाला मूळ भाषा येते. बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं, यातल्या 'अधीन'चा मूळ अर्थ काय हो?"

धर्मशास्त्रातील माझे पदव्युत्तर शिक्षण संपून फार दिवस झाले नव्हते, आणि भाषांतराच्या कामात मी नवाच होतो. प्रश्न ऐकून मला आनंद झाला. मी तिला ग्रीक क्रियापद सांगितले, त्याचा सैन्यातील उपयोग सांगितला, पौलाच्या वाक्याची रचना समजावली. सुमारे पंधरा मिनिटे मी बोललो. तिने मान हलवली. मग मी तिच्या घरासाठी प्रार्थना केली आणि तिला बसथांब्यापर्यंत पोहोचवले. त्या पंधरा मिनिटांत माझ्या पत्नीने पाहिले ते मला दिसले नाही: चहाचा कप ती डाव्या हाताने उचलत होती, आणि उजवे मनगट शालीखालून एकदाही बाहेर आले नाही.

दोन महिन्यांनी तिचा भाऊ गावाहून येऊन तिला घेऊन गेला. तेव्हा तिच्या एका कानाला ऐकू येणे बंद झाले होते. बहुधा कायमचेच, असे डॉक्टरांनी सांगितले.

तेव्हापासून एक प्रश्न मला सोडत नाही, आणि आपल्या मंडळ्यांमध्ये तो उघडपणे विचारला जात नाही म्हणून येथे लिहितो. ज्या घरात मार आहे, धाक आहे, अपमान आहे, त्या घरात राहणे हे ख्रिस्ती पत्नीचे कर्तव्य आहे काय? आणि तिने क्षमा केली, तर त्या क्षमेचा अर्थ परत जाणे असाच होतो काय?

प्रथम ओळखण्याविषयी. 'घरात भांडणे कोठे होत नाहीत?' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे, आणि पुष्कळांनी उच्चारलेही आहे. भांडण आणि अत्याचार यांत अंतर आहे. भांडणात दोघे बोलतात, दोघे चुकतात, आणि दुसऱ्या दिवशी दोघांपैकी कोणीही पहिला शब्द बोलू शकतो. अत्याचाराच्या घरात एकजण जिन्यावरच्या पावलांचा आवाज ऐकून दुसऱ्याची मनःस्थिती ओळखायला शिकतो. मुले टीव्हीचा आवाज कमी करतात. भाजीत मीठ कमी पडले की हात थरथरतो. अशा पतीविषयी 'तापट आहे हो' असे म्हणतात; परंतु हाच गृहस्थ कार्यालयात साहेबाने सर्वांसमोर अपमान केला तरी 'येस सर' म्हणून बाहेर येतो. त्याला संयम येतो. तो कोठे सोडायचा हेही त्याला कळते. ज्याचा संताप केवळ चार भिंतींच्या आत आणि आपल्याहून दुर्बळावरच सुटतो, त्याला स्वभावाचा दोष म्हणणे मला आता जमत नाही. ती सत्ता आहे.

शिवाय मार हे एकच लक्षण नव्हे. पगार पत्नीचा, पण एटीएम कार्ड पतीच्या खिशात, फोन रोज तपासला जातो, माहेरी बोलायचे ते त्याच्यासमोर, बाहेर जाताना दाराला बाहेरून कुलूप, मुलांसमोर तिच्या रूपाची, शिक्षणाची, आईबापांची नालस्ती, शय्येवरची जबरदस्ती. आणि आमच्या घरांतील खास प्रकार म्हणजे पवित्र शास्त्राचे वचन काठीसारखे वापरणे. अशा प्रसंगानंतर पुष्कळदा फुले येतात, अश्रू येतात, गुडघे टेकून प्रार्थनाही होते, आणि काही आठवडे घर खरोखर शांत असते. ती शांतता खोटी असते असे नाही; ती टिकत नाही एवढेच. भारत सरकारच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा पूर्वी विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. ज्यांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा भोगली, त्यांतील जेमतेम १४ टक्क्यांनी कोणाकडे तरी मदत मागितली. हे आकडे सर्व धर्मांचे मिळून आहेत. आपल्या मंडळ्या त्याला अपवाद असतील असे मानण्यास मला आधार सापडत नाही.

दिल्लीत, गाझियाबादेत, फरीदाबादेत राहणाऱ्या मराठी स्त्रीचे एकटेपण थोडे निराळे असते. माहेर रेल्वेने एक दिवस आणि एक रात्र दूर. शेजाऱ्यांशी हिंदी चालते, पण मनातले दुःख मराठीतच फुटते. आणि आठवड्यातला मराठीचा एकच तास म्हणजे मंडळीची उपासना, जेथे पती समितीवर आहे. तोंड उघडले तर तो तासही जायचा. आमच्या त्या भगिनीने व्याकरण विचारले ते यासाठी. सरळ सांगणे शक्य नव्हते, म्हणून तिने एक शब्द पुढे केला.

आता त्या शब्दाविषयी. कारण भाषांतर हा माझा उद्योग आहे आणि हे ऋण मला फेडलेच पाहिजे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील २२ वे वचन आपण एकटे उचलतो. सर्वांत जुन्या काही हस्तलिखितांत या वचनात क्रियापदच नाही. ते आदल्या, २१ व्या वचनातून घ्यावे लागते, आणि तेथे अधीनता परस्परांची आहे. पुढच्या अध्यायात मुलांना आणि दासांना पौल आज्ञापालनाचे जे क्रियापद वापरतो, ते पत्नीसाठी त्याने वापरलेले नाही. पतीला मात्र त्याने स्वतःला अर्पण करण्यास सांगितले आहे, आणि कोणी आपल्याच देहाचा द्वेष करीत नाही अशी आठवण दिली आहे. पत्नीचा कान फोडणारा या वचनाच्या आड कसा उभा राहू शकतो, हे मला कोणत्याही व्याकरणाने सिद्ध करता येणार नाही.

पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय अधिक कठीण आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. तेथे सारेचे उदाहरण आहे, आज्ञापालनाचे क्रियापदही आहे, आणि त्यामागील अध्यायात अन्याय सोसणाऱ्या दासांना धीर दिलेला आहे. परंतु ज्यांना दाद मागायला दरवाजाच नव्हता अशांना पेत्र लिहीत होता. ज्याला दरवाजा होता त्या प्रेषिताने काय केले? यरुशलेमेत चाबकासाठी बांधीत असता पौलाने शताधिपतीला विचारले की, रोमी नागरिकाला चौकशीवाचून फटके मारणे कायदेशीर आहे काय. आणि पुढे त्याने कैसराकडे दाद मागितली. कायदा जवळ असता त्याने तो वापरला, आणि त्याच्या विश्वासाला त्यामुळे कमीपणा आला असे कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. करिंथच्या मंडळीला न्यायालयात जाण्यावरून त्याने खडसावले हे खरे. पण तेथे वाद क्षुल्लक व्यवहारांचा आणि फसवणुकीचा होता. अंगावर हात टाकणाऱ्याला आवरणे हे काम रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात अधिकाऱ्याकडेच सोपवलेले आहे.

तिसरे वचन मलाखीचे, २:१६. देवाला सूटपत्राचा तिटकारा आहे, असा त्याचा अर्थ आपल्या परिचयाचा आहे, आणि कितीतरी स्त्रिया या एका वाक्याने परत पाठवल्या गेल्या आहेत. इब्री मजकुरात द्वेषाचे ते क्रियापद तृतीय पुरुषी आहे. द्वेष करणारा तो देव की पत्नीला टाकणारा पुरुष, यावर विद्वानांत मतभेद आहे, आणि अलीकडच्या काही इंग्रजी भाषांतरांनी दुसरा अर्थ स्वीकारला आहे. हा वाद क्षणभर बाजूला ठेवला, तरी वाक्याचा उत्तरार्ध उरतोच. तेथे वस्त्र झाकून टाकणारा शब्द 'हामास' आहे: बलात्कार, जुलूम, हिंसा. जलप्रलयापूर्वी पृथ्वी ज्याने भरली होती तो हाच शब्द. आणि संदेष्टा बोलतो आहे कोणाशी? तरुणपणच्या पत्नीचा विश्वासघात करणाऱ्या पुरुषांशी. पुरुषाला सुनावलेले वचन आपण त्याच्या मार खाणाऱ्या पत्नीला ऐकवीत आलो.

यावर सुज्ञ वाचक म्हणतील, 'ते सर्व खरे. पण क्षमेचे काय? सत्तर गुणिले सात वेळांचे काय?'

येथे मी आपणांस शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाकडे नेतो. दावीद हा शौलाचा जावई होता. त्याच्यावर भाला फेकला गेला तो रणांगणात नव्हे, घरात, वीणा वाजवीत असता. आणि एकदा नव्हे. शौलाला दुष्ट आत्म्याची पीडा होती, असे शास्त्रच सांगते. म्हणजे सबबही होती, आणि खरी होती. तरी मीखलेने पतीला खिडकीतून खाली उतरवले, योनाथानाने आपल्या पित्याचा बेत त्याला कळवला, आणि देवाच्या अभिषिक्ताच्या घरातून पळण्याबद्दल दाविदाला शास्त्रात कोठेही दोष दिलेला नाही.

पुढे दोनदा शौल त्याच्या हातात सापडला. दोन्ही वेळा त्याने त्याला सोडले. सूड नाही, शाप नाही. गुहेतील प्रसंगानंतर शौल मोठ्याने रडला. ते अश्रू खोटे होते असे मला वाटत नाही. परंतु तोच शौल दोन अध्यायांनंतर तीन हजार माणसे घेऊन पुन्हा पाठलागावर आहे. त्या वेळी दाविदाने झोपलेल्या राजाच्या उशाचा भाला उचलला आणि दूरच्या टेकडीवरून हाक मारली. शौलाने पाप कबूल केले, त्याला 'माझ्या मुला' म्हटले, मी तुझे पुन्हा वाईट करणार नाही असे वचन दिले, आणि परत ये असे सांगितले. प्रियजनहो, सव्विसाव्या अध्यायाचा शेवट सावकाश वाचा. दाविदाने भाला परत केला, तोही स्वतः नेऊन दिला नाही. एखाद्या तरुणाला पाठवून न्यावा असे सांगितले. मग शौल आपल्या ठिकाणी गेला आणि दावीद आपल्या वाटेने. पुढच्याच अध्यायात तो मनाशी म्हणतो की, येथे राहिलो तर एके दिवशी याच्या हातून मरेन. आणि तो गथास जातो. शौल मेला तेव्हा याच दाविदाने विलाप केला.

दाविदाच्या ठायी क्षमा नव्हती, असे कोण म्हणेल? आणि तो परत गेला नाही. अंतःकरणातून वैर काढून टाकणे हे क्षमा करणाऱ्याच्या हाती आहे. पुन्हा एका छताखाली राहता येणे हे दुसऱ्याच्या बदलावर अवलंबून आहे, आणि तो बदल शब्दांनी मोजता येत नाही. जक्कयाने पश्चात्ताप केला तेव्हा चौपट परत देण्याची तयारी दाखवली. 'माझा पश्चात्ताप झाला, आता तू घरी ये' असे जो म्हणतो, तो अजून काहीतरी मागतोच आहे. ज्याला खरोखर उमगले, तो अंतर मान्य करतो, खर्च देतो, मंडळीच्या पदावरून उतरतो, आणि किती काळ लागेल असे विचारीत नाही. असे पुरुष मी पाहिले आहेत. दोन.

आपल्या कॅथॉलिक वाचकांसाठी एक गोष्ट नमूद करतो. १९८३ च्या कॅनन कायद्याचा ११५३ वा नियम सांगतो की, जोडीदार दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या आत्म्याला अथवा देहाला गंभीर धोका निर्माण करीत असेल तर वेगळे राहण्यास ते योग्य कारण आहे, आणि विलंबात धोका असेल तर परवानगीची वाट न पाहताही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली 'आमोरिस लेतित्सिया'मध्ये अशा वेळी वेगळे होणे नैतिक दृष्ट्या आवश्यकही ठरू शकते असे लिहिले. पौलानेही करिंथकरांना लिहिताना वेगळी राहिलेली पत्नी गृहीत धरली आहे. तिला त्याने मंडळीबाहेर काढले नाही. वेगळे राहणे आणि विवाह मोडणे या दोन गोष्टी आहेत. धाकाखालील स्त्रीला आपण नेहमी दुसरीची भीती घालून पहिलीपासून अडवतो.

देशाच्या कायद्याने मात्र आम्हां ख्रिस्ती लोकांना फार काळ तिष्ठत ठेवले. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे कारण पुरे होते. पत्नीला व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. नुसती क्रूरता, मग ती कितीही असो, विभक्त राहण्याच्या हुकुमासाठी पुरत असे, घटस्फोटासाठी नव्हे. १९९५ साली केरळ उच्च न्यायालयाने आणि १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ही विषमता नाकारली, आणि २००१ साली संसदेने कायदा दुरुस्त केला.

दिल्लीचा वाटा याहून मोठा. १९७९ साली या शहरात सत्यराणी चढ्ढा यांची गरोदर कन्या सासरी जळून मेली. लेकीचे मरण असेच पाहिलेल्या शाहजहाँ आपा त्यांना भेटल्या. अशा मातांच्या मोर्च्यांनी दिल्लीचे रस्ते भरले, १९८३ साली पतीच्या क्रूरतेबद्दलचे ४९८-अ हे कलम आले, आणि १९८७ साली या दोघींनी 'शक्तिशालिनी' ही संस्था उभी केली, जी पीडित स्त्रियांना आसरा देते. ते कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ व ८६ या क्रमांकांनी आहे. येथे मला केडगाव आठवल्यावाचून राहत नाही. पंडिता रमाबाईंनी एका हाताने मूळ भाषांतून मराठी बायबल उतरवले आणि दुसऱ्या हाताने मुक्तीचे दार निराधार स्त्रियांसाठी उघडे ठेवले. त्यांचा वारसा सांगणाऱ्या मी त्यांतले पहिले काम उचलले आणि दुसरे दारातून परत पाठवले. लक्ष्मीबाई टिळकांनीही 'स्मृतिचित्रे'त घरातले संताप लपवले नाहीत. आम्ही ते पुस्तक कौतुकाने वाचतो आणि शेजारच्या घराविषयी मात्र गप्प राहतो.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण 'कोर्टात गेले म्हणजे लग्न मोडले' हा समज येथे खोटा ठरतो. या कायद्याखाली घटस्फोट मागावा लागत नाही. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व मानसिक, आणि आर्थिक, असे छळाचे सर्व प्रकार त्यात आहेत. न्यायदंडाधिकारी पतीला हिंसेपासून मनाई करू शकतात, घरात राहण्याचा हक्क, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा देऊ शकतात, आणि निकड असल्यास दुसऱ्या पक्षाचे ऐकण्यापूर्वीही अंतरिम आदेश काढू शकतात. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद आहे. घर सासऱ्याच्या नावावर असले तर सुनेचा हक्क नाही, असे पूर्वी म्हणत. दिल्लीतीलच एका खटल्यात १५ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते मत बदलले. आणि राजधानी परिसरात राहणाऱ्यांसाठी महत्त्वाचे: गुरुग्राम हरियाणात, नोएडा उत्तर प्रदेशात, बहीण दिल्लीत, तर तक्रार कोठे? स्त्री जेथे तात्पुरती राहत असेल तेथेही अर्ज करता येतो, आणि आदेश सर्व भारतभर चालतो. म्हणजे नगरला माहेरी पोहोचलेली स्त्री नगरलाही अर्ज करू शकते. न्यायालयात तारखा लांबतात, हेही सांगितले पाहिजे. कायद्यातील साठ दिवसांची मुदत नेहमी पाळली जाते असे नाही.

संकटाच्या क्षणी ११२, आणि स्त्रियांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. 'सखी' केंद्रांत पोलीस, वैद्यकीय, कायद्याची मदत आणि काही दिवसांचा निवारा एकाच ठिकाणी मिळतो. स्त्रीला मोफत वकील मिळण्यास उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी १५१०० आणि दिल्लीत १५१६. दुखापत झाली असेल तर रुग्णालयात खरे कारण सांगून नोंद करून घ्यावी; 'जिन्यावरून पडले' हे वाक्य पुढे फार महाग पडते. आधार कार्ड, विवाहाचा दाखला, मुलांचे दाखले, पासबुक यांच्या प्रती विश्वासातील एका व्यक्तीकडे आधीच ठेवाव्यात. घर सोडण्याचा काळ सर्वांत धोक्याचा असतो, म्हणून तो दिवस पतीला सांगून ठरवू नये. पुरुषही कधी घरात मार खातात. त्यांनाही ११२ आहे, आणि लाजेने गप्प राहण्याचे त्यांनाही कारण नाही.

पाळकांना आणि वडीलजनांना माझी एक विनंती. अशी स्त्री आली तर प्रथम पतीला बोलावून दोघांना समोरासमोर बसवू नका. त्या खोलीत ती खरे बोलणार नाही, आणि बोललीच तर त्याची किंमत त्या रात्री घरी मोजावी लागेल. ती कोठे उतरली आहे हे त्याला सांगू नका, तो कितीही रडला तरी. तिला एकटीला, दुसऱ्या एखाद्या समंजस भगिनीच्या सोबतीने विचारा, "घरी जायला भीती वाटते का?" हा प्रश्न मी २००३ साली विचारला नाही. तो ग्रीकमध्ये नव्हता.

गेल्या वर्षी भाषांतराच्या एका बैठकीसाठी मी नगरकडे गेलो असता ती भेटली. ती एका शाळेत काम करते. मुलगा नोकरीला लागला आहे. बोलताना ती माझ्या उजवीकडे येऊन बसली, ऐकू येणारा कान माझ्याकडे व्हावा म्हणून. पती आजारी असल्याचे कळल्यावर तिने भावाच्या हाती औषधापुरते पैसे दिल्लीला पाठवले होते. स्वतः गेली नव्हती. मी त्या सायंकाळबद्दल तिची क्षमा मागितली.

"भाऊ, तुम्ही सांगितलं ते बरोबरच होतं," ती म्हणाली. "मला विचारायचं होतं ते वेगळं होतं." मग तिने बसची वेळ पाहिली, वहिनींना सलाम सांगा म्हणाली, आणि पिशवी घेऊन उठली.